कामट्यांचं विमान

“डावा पंख गेला, आबा,” हिरा म्हणाली आणि थर्माकोलचे तुकडे ओट्यावर मांडायला बसली.

भिमाजीनं कपाळाला हात लावला. वलवणच्या बंगल्यावर तो रखवालदार. मालक मुंबईचे. दर रविवारी गाडीनं यायचे, रेडिओवर चालणारं पांढरं विमान धरणाखालच्या माळावर उडवायचे, भाताच्या खाचरात पाडायचे आणि मोडकं विमान भिमाजीच्या हवाली करून संध्याकाळी परत जायचे. पाडायचं त्यांनी, निस्तरायचं ह्यानं. थर्माकोल तेव्हा नवलाची चीज होती. नवं विमान मागवायचं तर परदेशातून, म्हणून हेच सांधायचं.

भाताच्या गिरणीत भिमाजीच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. सरस तापवून चिकटवाचिकटवीचं बारीक काम त्याला जमत नसे. ते हिरा करायची. नागपंचमीला चार दिवसांसाठी माहेरी आलेली लेक तिथंच अडकली. दिवाळी झाली, भातं कापून झाली, तरी ती बापाच्या ओट्यावर पंख सांधत बसली होती.

तिचा नवरा नथू कामशेतच्या बाजारात तांदळाच्या दुकानात होता. त्याचा दोनदा निरोप आला. दोन्ही वेळा हिरा म्हणाली, “एवढं विमान नीट हुदे, मग जाते. तुमाला एकट्याला जमायचं न्हाई.”

“सासू काय म्हनंल तुजी?”

“म्हनू द्या.”

भिमाजीला फार वाईट वाटायचं. बायको गेल्यावर ही पोर त्यानं एकट्यानं वाढवली, आणि आता आपल्या थोट्या हातामुळं तिचा संसार खोळंबला. शेजारच्या झुंबरबाईनं तर पाणवठ्यावर तोंडावरच विचारलं, “भिमाजीभाऊ, लेक नांदती का न्हाई तुमची?” जगाच्या तोंडाला कोण हात लावणार? मालकांना नाही म्हणावं, तर राहायची खोलीही बंगल्याचीच. इकडे आड, तिकडे विहीर.

“सरस वाळायला किती दिस लागत्याल, आबा?” हिरानं विचारलं.

“दोन-तीन.”

“मग घाई नगं. कच्चा ऱ्हायला तर परत सुटंल.”

बोलता बोलता कढत सरसाचा थेंब तिच्या मनगटावर पडला. तिथं आधीचेच दोन-तीन काळे डाग होते. भिमाजी चपापला, पण हिरानं हातसुद्धा मागं घेतला नाही.

“भाजलं का गं?”

“सवय हाय. सासरी भाकऱ्या लय कराव्या लागत्यात.”

त्या दिवशी भिमाजीनं मनाशी ठरवलं. विमानच असं करायचं, की आभाळातून पडलं तरी मोडायचं नाही. मग हिराला अडकून राहायचं कारणच उरणार नाही.

ती धरणावर धुणं घेऊन गेली तशी त्यानं कळकाचा बांबू फोडला. कोयता डाव्या हातात धरून बारीक, लवचीक कामट्या काढल्या. चुलीत दाभण तापवून पंखात लांब खाच पाडली. थर्माकोल लोण्यासारखा वितळत गेला. खाचेत कामटी बसवली, वरून जुन्या धोतराची पट्टी सरसात बुडवून डकवली. नाकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला. वेडंवाकडं झालं, पण पक्कं झालं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला त्या विमानाचं कौतुक वाटलं.

हिरा परतली आणि ओल्या धुण्याची बादली हातात घेऊन तशीच उभी राहिली.

“हे कवा केलं?”

“तुज्यासाठीच केलं, पोरी. आता तुला हितं खितपत पडाया नगं.”

तिनं पंख अंगठ्यानं दाबून पाहिला. तो वाकला आणि परत सरळ झाला. “लय जड झालं, आबा. उडायचं न्हाई. काढा त्या कामट्या.”

“ऱ्हाऊ दे. न्हाई उडालं तर बगू.”

हिरा जेवली नाही. बापाला सोडून जायचं म्हटल्यावर लेकीच्या घशाखाली घास उतरत नाही, हे भिमाजीला कळत होतं. त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं. तरी त्यानं दुधवाल्याबरोबर कामशेतला निरोप धाडला, की रविवारी येऊन लेकीला घेऊन जावं.

रविवारी सकाळच्या एस्टीनंच नथू आला. कडक इस्त्रीचा सदरा, बोलणं गोड. सासऱ्याच्या पाया पडला. हिरानं त्याला पाणी दिलं आणि खाली बघत म्हणाली, “आज विमान मोडलं तर मला थांबावं लागंल.”

“थांब की,” नथू हसला. “मालकांचं काम हाय. पन मोडलं तरच.”

“मोडतंय कशाला!” भिमाजी छाती काढून म्हणाला.

दुपारी माळावर मालकांच्या हातून विमान रडतखडत वर चढलं. “भिमाजी, दगड भरलेस की काय यात?” मालक ओरडले. एक घिरटी झाली, दुसरी होता होता विमानानं नाक खाली घातलं आणि बांधापलीकडं ते दिसेनासं झालं. दर रविवारप्रमाणे हिराच पुढं पळाली. मालक खुर्चीतच बसले. भिमाजीला मात्र आज दम निघेना. तो धापा टाकत तिच्या मागोमाग निघाला.

करवंदीच्या जाळीआडून त्याला विमान दिसलं. धसकटांत नाक रुतलेलं, पण दोन्ही पंख शाबूत, शेपूट शाबूत. त्याला आनंदानं हाकच मारायची होती.

तेवढ्यात हिरानं आजूबाजूला पाहिलं, विमान उचलून गुडघ्यावर आडवं धरलं आणि दोन्ही हातांनी दाबलं. पंख वाकला, परत सरळ झाला. तिनं पुन्हा दाबलं. मग ते बांधावर टाकून ती त्याच्यावर दोन्ही पायांनी उभी राहिली आणि रडत म्हणू लागली, “मोड की रं... मोड की...”

पण भिमाजीची कामटी काही केल्या मोडेना.