तिवाटा

गोकुळ न्हाव्यानं सोनाजीचे केस भिजवले आणि वस्तरा उघडला. पैठणच्या घाटावर पोरं बापासाठी डोकं भादरून घेतात. इथं बाप पोरासाठी बसला होता. रामचा देह मिळाला नव्हता, म्हणून गुरुजींनी पळसाच्या पानांचा पुतळा बांधून ठेवला होता. तोच राम समजून अग्नी द्यायचा.

"मला नाय पटत," रामची आई मंजुळाबाई म्हणाली. "पानं जाळून पोरगं जातंय व्हय?"

सगळ्यांनी मृण्मयीकडं बघितलं. उस्मानपुऱ्याची ही मुलगी भूगर्भाच्या कामात रामची सहकारी. आफ्रिकेत जमीन फाटली तेव्हा राम पुढं जाऊन मोजमाप घेत होता आणि ती मागं तंबूपाशी होती. आता शोध थांबलाय, हे आईला समजवायला बिडकीनच्या भाऊबंदांनी तिलाच आणलं होतं. अवघड काम दुसऱ्याच्या गळ्यात घालायला भाऊबंद हुशार असतातच.

"मावशी, राम सांगायचा ना, तिथं जमिनीचा तिवाटा आहे म्हणून?"

"सांगायचा की. म्या म्हणलं, तिवाट्यावर लोक उतारे टाकत्यात, तिथं रेंगाळू नगं. तर हसला."

मृण्मयीला रडू आलं. रामचाच शब्द घेतला तर आईला लवकर कळेल, असं तिला वाटलं होतं. "जमिनीचे तीन मोठे तुकडे तिथं एकमेकांपासून लांब सरकतायत," ती घाईनं म्हणाली. "फट फार खोल आहे, मावशी. अजून रुंद होतेच आहे. तिच्यात कुणाला उतरता येत नाही."

मंजुळाबाईनं त्यातलं एवढंच ऐकलं. "आजून उघडतीय?"

"हो, पण... आपलं नख वाढतं ना, त्याहून हळू. लाखो वर्षं लागतात."

"उघडतीय ना पण?"

इथं खोटं बोलायला हवं होतं. मृण्मयीला ते जमलं नाही. "उघडतेय," ती म्हणाली.

मंजुळाबाई नवऱ्याकडं वळली. "मिटली नाय आजून, पोरगं वाट काढील." सोनाजी पाटावरून उठला. "अहो, वेळ टळतेय," गुरुजी म्हणत राहिले. ओल्या केसांचं पाणी सोनाजीच्या मानेवरून सदऱ्यात उतरत होतं.

"वस्तरा मिट, गोकुळ," तो म्हणाला. "थोडं थांबू."