डाव्या पायाची बोटं

करोना बरा होऊन तीन महिने झाले, तरी अंतू प्लंबरच्या डाव्या पायाची बोटं निळी आणि बधिर होती. आजारानं रक्तवाहिन्या खराब केल्या होत्या.

"तुमच्याच हाडातल्या पेशी काढून पायात सोडू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कदाचित नव्या वाहिन्या तयार होतील. खात्री नाही. पण नाहीतर बोटं कापावी लागतील."

"म्हणजे पाइप आपोआप उगवणार?" अंतू हबकला. "मग चाळीस वर्षं मी उगाच पान्हे फिरवले की!"

तरी त्यानं सही केली.

दोन महिने काहीच फरक पडला नाही. मग एका सकाळी बायकोच्या हातून डाळीचा डबा निसटला, तो नेमका त्याच बोटांवर. अंतूनं बोंबलून घर डोक्यावर घेतलं.

माफी मागायची सोडून बायको डोळे पुसत हसायला लागली. "अहो, खरंच दुखलं? परत एकदा ओरडा बघू!"