एकोणचाळीस शून्यं

पडद्यावर पहिल्या मशीनपुढे शून्य उमटलं. दुसऱ्यापुढेही शून्य. तिसऱ्यापुढेही तेच. मुरलीधर लॅबच्या दाराशी उभा राहून एकेक शून्य मोजत होता.

गोहलपुरातल्या त्या कॉम्प्युटर क्लासात चाळीस मशिनं होती आणि सोळा वर्षं त्यांचा मायबाप मुरलीधरच होता. हिंदी टायपिंगची परीक्षा आली, की शनिवारी सगळी मशिनं कोरी करायची आणि रविवारी एकेका मशीनपुढे ठाण मांडून सॉफ्टवेअरची बावीस पॅकेजं चढवायची, हा त्याचा शिरस्ता. कोणतं आधी, कोणतं मागून, हिंदी कीबोर्डची कोणती जुनी आवृत्ती ठेवली म्हणजे जोडाक्षरं फुटत नाहीत, सारं त्याला तोंडपाठ. काम संपलं, की नुकत्याच न्हाऊ घातलेल्या लेकराकडे बघावं तसा तो मशीनकडे बघायचा.

मग कांचघर मोहल्ल्यातली शरयू आली. तीन महिन्यांच्या बोलीवर ठेवलेली, बोलायला मऊ आणि कामाला वाघीण. ती म्हणाली, अ‍ॅन्सिबल नावाचं एक साधन आहे. मशीनवर काय काय असायला हवं ते एका फाईलमध्ये लिहायचं, ती फाईल एकदा चालवायची, की चाळीसही मशिनं तयार. आठवडाभर ती मुरलीधरच्या शेजारी बसून खोदून खोदून विचारत होती. हे काहून आधी, काका? ही आवृत्ती काहून जुनी? तो सांगत गेला. आपलंच काम आपण हिच्या पदरात घालतो आहोत, हे त्याला कळत होतं. पण पोर इतकं मन लावून ऐकत होती, की हात आखडता घेणं त्याला जमलं नाही.

क्लासचे मालक रामराव यांनी निवाडा करून टाकला होता. सोमवारी सकाळी, परीक्षेच्या आधी, शरयूनं कोऱ्या मशिनांवर फाईल चालवून दाखवायची. जमलं तर ती पक्की आणि मुरलीधर बाहेर काउंटरवर, फॉर्म वाटायला. नाही जमलं तर ती घरी आणि लॅब पूर्वीसारखी मुरलीधरकडे. तोवर मशिनांना कोणी हात लावायचा नाही, असंही त्यांनी बजावलं होतं.

मुरलीधरनं हात लावला होता. रविवारी मदन महल भागातल्या आपल्या घरी त्याला चैन पडेना. दोनशे पोरं नोकरीच्या आशेनं टायपिंगला बसणार, आणि ऐन वेळी फाईलनं दगा दिला तर? सायकल काढून तो थेट क्लासात आला आणि दिवसभर खपून एकेक मशीन तयार करून गेला. शरयूची फाईल वरून पुन्हा सगळं चढवेल, कोणाला पत्ताही लागणार नाही, असं त्या भाबड्या जिवाला वाटलं होतं.

आता फाईल एकेका मशीनवरून पुढे सरकत होती आणि शून्यांची रांग लागली होती.

"काहून बेटा," रामराव म्हणाले, "हे त काहीच करून नाही राहिलं! मशीनवर किती बदल केले? शून्य. चलो, पाहून झालं आमचं."

शरयूचा चेहरा उतरला. "सर, मशिनं कोरी होती... शनिवारी माझ्यासमोर..."

मुरलीधरनं नुसतं गप्प बसायचं होतं. लॅब शाबूत, सोळा वर्षं शाबूत. खोटं कशाला सांगा, मोह त्यालाही झाला. पण पोरीचे भरून आलेले डोळे त्याला बघवेनात.

"साहेब, तिची गलती नाही," तो म्हणाला. "काल मीच येऊन सारं हातानं करून ठेवलं. राहवलंच नाही जी."

रामराव भडकणार, तोच शरयू खुर्चीतून उठली.

"सर, इसीलिए तो!" डोळे पुसत ती हसायला लागली. "ही फाईल डोळे मिटून चढवत नाही. आधी पाहते. जे ठीक आहे त्याला हात नाही लावत. शून्य म्हणजे काकांच्या कामात तिला दुरुस्त करायला काही सापडलंच नाही!"

बोलता बोलता रांग पुढे सरकली आणि एकतीस नंबरपुढे एकचा आकडा आला. तिथं हिंदी कीबोर्ड राहिला होता. फाईलनं तो आत्ता, सगळ्यांच्या देखत बसवला. मुरलीधरनं कपाळाला हात लावला. काल त्याच मशीनवर असताना बायकोचा फोन आला होता, जेवायला येता की तिथंच मुक्काम म्हणून.

तो एकतीस नंबरपुढे जाऊन बसला. 'ज्ञ' टाइप केला. उमटला. 'क्ष' टाइप केला. तोही उमटला. तोवर रांग संपली होती. एकोणचाळीस मशिनांना धक्का न लावता फाईलनं जिथं उणं होतं तिथंच नेमकं बोट ठेवलं होतं. असा कारागीर त्यानं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. मनातला सल कुठल्या कुठे गेला आणि त्याला त्या फाईलचं आणि ती लिहिणाऱ्या पोरीचं मनापासून कौतुक वाटलं.

"वा गं पोरी," तो म्हणाला. "माझी चूक मला नाही दिसली, तुझ्या फाईलला दिसली. जातो मी काउंटरवर, खुशीनं जातो."

"बस, ठरलं मग," रामराव म्हणाले. "शरयू लॅबमध्ये, मुरलीधरजी बाहेर."

शरयूनं आपला लॅपटॉप उचलला आणि मुरलीधरच्या पुढ्यात ठेवला.

"बाहेर मला बसवा, सर. फाईल चालवायला एक बटण दाबावं लागते, ते कोणीही दाबेल. मशीन कसं असायला पाहिजे ते या फाईलला काकांनी सांगितलं आहे. मी फक्त लिहून घेतलं."