ओलं गोणपाट

“आज तुरेवाली गेली गं ताई,” फोनवर जयाचा आवाज रडवेला झाला होता. “दुपारी चोच वासून पडली ती पडलीच.”

हिरूनं कांदा चिरायची सुरी खाली ठेवली आणि ती हॉटेलच्या मागच्या दारात आली. माथेरानच्या झाडांतून चांगला गार वारा सुटला होता. तो अंगाला लागला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. खाली नेरळकडे पारा चव्वेचाळीसवर, आपल्या कोंबड्या माना टाकतायत आणि आपण इथं पदर गुंडाळून वारा खातोय.

“खुराड्यावर गोणपाट भिजवतेस ना?”

“दिवसातनं तीनदा. गुळाचं पानीपन ठेवते. ऊनच तसलं हाय, मी तरी काय करू?”

“रडू नको. तू हायस म्हनून एवढे दिस तरी तगल्या. नीट पुरलीस ना?”

“परसात, लिंबाखाली.”

जया तिची धाकटी जाऊ. एकाच घराच्या दोन दारांत दोघींचे संसार. उन्हाळ्याच्या सीझनला हिरू दोन महिने वर हॉटेलात स्वयंपाकाला यायची, तेव्हा तिच्या कोंबड्या जयाकडे वाट्यानं असायच्या. अंडी जयाची, पिल्लं निम्मी-निम्मी, कोंबड्या हिरूच्या. कागद नाही की साक्षीदार नाही. जावाजावांत कसला आलाय कागद!

यंदा सात सोडून आली होती. तुरेवाली सहावी. आता एकटी कवडी उरली, अंगावर पांढरे ठिपके असलेली. ती नऊ अंड्यांवर खुडूक बसली होती.

कोंबडी मेली तर दुसरी आणता येते, हे हिरूलाही कळत होतं. पण ह्या कोंबड्या बाजारातल्या नव्हत्या. बावीस वर्षांपूर्वी ती लग्न होऊन निघाली, तेव्हा आईनं तिच्या कडेवर एक तलंग, अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी, दिली होती. आई त्याच वर्षी गेली. तिच्या हातचं म्हणावं असं हिरूकडे दुसरं काही उरलं नव्हतं, ही कोंबड्यांची वंशावळ तेवढी होती. आईच्या घरची रीत म्हणून ती प्रत्येक पिल्लाच्या डाव्या पायाच्या मधल्या बोटाचं टोक छाटायची. सासरच्या गावात सगळे खूण करायचे ती उजव्या पायाला. सासू हसली होती, शेजारणी हसल्या होत्या. हिरूनं ऐकलं नाही. “मी आले तशी माझी खूनपन आली,” म्हणाली होती. अख्ख्या गावात डाव्या पायाची कोंबडी हिरूची, हे मग पोराटोरांनाही पाठ झालं.

“जया, तेवढी कवडी सांभाळ गं,” ती फोनवर म्हणाली. “तिच्या पोटाखाली माझ्या आईचं घर हाय.”

“जीव लावून सांभाळते, ताई.”

त्याच संध्याकाळी हिरूनं बटाट्याची चार रिकामी गोणपाटं मालकाकडून मागून घेतली आणि खाली जाणाऱ्या घोडेवाल्याबरोबर जयाला पाठवली. एक वाळेपर्यंत दुसरं भिजवता यावं म्हणून.

हॉटेलात मात्र सीझन जोरात होता. मुंबईच्या पाहुण्यांना गावठी कोंबडीच हवी असायची. नेरळच्या एका दुकानातून ती साफ करून, बर्फ घालून, ओल्या गोणपाटात गुंडाळून वर यायची. हिरूच्या रश्श्याचं नाव झालं होतं. शिजवता शिजवता ती तळहातावर थेंबभर रस्सा घ्यायची, मीठ बघायची. पाहुणे बोटं चाटायचे आणि तिला बरं वाटायचं. गावातल्या कोंबड्यांची चवच वेगळी, असं ती मालकाला अभिमानानं सांगायची.

पण परवा एका गिऱ्हाइकानं ताट सरकवलं. ही गावठी नाहीच म्हणाला. मालक भडकला. त्यानं दुकानदाराला फोनवर सुनावलं, “यापुढे पाय ठेवून पाठवायची. गावठीचा बारीक पाय बघितल्याशिवाय मी माल घेणार नाही.”

दोन दिवसांनी दुपारी पुडकं आलं. हिरूनं ओल्या गोणपाटाची गाठ सोडली, बर्फ बाजूला केला. कोंबडी पाठीवर पडली होती, बारीक पिवळे पाय वर करून. मालकाला दाखवायला म्हणून तिनं पाय हातात धरला. तो डावा होता.

मधल्या बोटाला टोक नव्हतं.

तिनं पदरानं पाय पुसला. पुन्हा बघितला. मग उजवा बघितला, त्याची सगळी बोटं धड होती. सहा वेळा फोन आला होता. सहा वेळा आपण जयालाच धीर दिला, रडू नको म्हणालो. आणि ह्याच हातावर थेंब घेऊन मीठ बघत राहिलो. परका कुणी असता तर शिवी तरी देता आली असती. ही तर घरातली.

ओट्यावर फोन वाजला. जया.

“ताई गं...” पलीकडे हुंदका फुटला. “कवडीपन गेली. तू पाठवलेली गोणपाटं भिजवून भिजवून थकले, पन ऊनच तसलं हाय. आत्ताच लिंबाखाली पुरून आले.”

हिरूनं कोंबडीचा गार पडलेला पाय हातातून सोडला नव्हता.

“नाय गं जया,” ती म्हणाली. “कवडी इथं आलीय माझ्याकडं. थंड हवेला.”