मामांची घाई

भाचीने हात खाली घेतला आणि सगळा बँड गप्प झाला. आता चार मात्रा शांतता, आणि पाचवीला मामांचा ट्रोम्बोन, एकट्याचा.

मामा मनातल्या मनात मोजू लागले.

या जागेवर ते जन्मभर चुकत आले होते. चौथ्या मात्रेलाच त्यांचा ट्रोम्बोन सुटायचा, जुने बँडमास्तर डोळे वटारायचे आणि मागच्या रांगेत कुणीतरी खुसखुसायचं. बँडात या जागेला नावच पडलं होतं, 'मामांची घाई'. मामा लग्नालासुद्धा आदल्या दिवशी पोचतात, हा विनोद तर इतका जुना झाला होता की आता तो मामाच सांगायचे.

पण आता बँड जुन्या मास्तरांच्या मुलीच्या हातात आला होता. म्हणजे मामांच्या सख्ख्या भाचीच्या. तिने आल्या आल्या तीन रांगा मोडून खुर्च्या गोल मांडल्या. इतकी वर्षं पुढच्याचं टक्कल बघत वाजवणारे आता एकमेकांची तोंडं बघत वाजवत होते. शब्दांशिवाय गाणारी एक मुलगी आणली. गाणी जुनीच, पण सगळी उसवून नव्याने शिवलेली. मामांना हे सगळं आवडलं होतं, हे विशेष. फक्त गेल्या आठवड्यात ती सगळ्यांसमोर म्हणाली, "मामांच्या घाईचं आता काहीतरी करणार आहे मी," आणि मामांच्या तोंडचं पाणी पळालं.

काहीतरी म्हणजे काय, हे न कळायला मामा दूधखुळे नव्हते. नात्याची भीड म्हणून तिने स्पष्ट सांगितलं नाही, इतकंच. त्यांना एकट्याने वाजवायला मिळणारी ही एवढी एकच जागा होती. ती गेली तर मग गर्दीत उभं राहून हो ला हो करण्यासारखंच. म्हणून आठवडाभर त्यांनी स्वतःला बाथरूममध्ये कोंडून घेतलं. बाहेर मामी पातेल्यावर पळीने ठेका धरायच्या आणि मामा आत मोजायचे. शेवटी मामीच म्हणाल्या, "जमलं हो! आता बाहेर या, मला अंघोळ करायचीय."

तीन, मामांनी मोजलं. चार.

मामा थांबले. आयुष्यात पहिल्यांदा थांबले.

आणि नेमकी तेव्हाच ड्रमरची झांज कडाडली. तिच्या मागोमाग सॅक्सोफोन घुसले, गाणाऱ्या मुलीने सूर उचलला, आणि पाचव्या मात्रेला मामा आले ते थेट या सगळ्यांच्या अंगावर. भांड्यांची मांडणी कोसळावी तसा आवाज झाला. मग एकेक वाद्य ओशाळून बंद पडलं.

"मी नाही चुकलो," मामा घाईघाईने म्हणाले. "या खेपेला शपथेवर सांगतो, मी नाही चुकलो."

"तेच तर झालंय ना, मामा!" भाचीने कपाळावर हात मारला. "तुम्ही बरोबर आलात. पाचवीला."

"मग? यायचंच होतं ना पाचवीला?"

"कुणी सांगितलं? तुम्ही चौथीला येता. तुमच्या त्या सुरावर सगळे वाजवायला लागतात, तिथून पुढे अख्खं गाणं एक मात्रा सरकतं. सगळी मांडणी त्यावर उभी केलीय मी."

मामांनी समोरचा कागद चष्म्याजवळ धरला. "माझ्या कागदावर तर असं काही नाही."

"तुम्हाला कशाला लिहून द्यायचं? तुम्ही येणारच होतात." तिला हसू आवरेना. "अहो, मी पाळण्यात असल्यापासून ते तसंच ऐकलंय. मला कित्येक वर्षं वाटायचं, गाणंच तसं आहे."

मामांचा जीव भांड्यात पडला. पण बाथरूममधला आठवडा काही वाया जायला तयार नव्हता. पुन्हा वाजवलं, मामा पाचवीला. पुन्हा वाजवलं, मामा त्याहून नेमके पाचवीला. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं पुटपुटत त्यांनी घाम पुसला.

"मामा, आधी तुम्ही घाई का करायचात?" भाचीने विचारलं.

मामा जरा लाजले. "अगं, एवढं शांत झालं की मला धास्ती वाटायची. लोकांना वाटेल, संपलं. टाळ्या वाजवून उठतील. मग बाकीचं गाणं कुणाला ऐकवायचं?"

कुणी हसलं नाही. भाचीने एकदा सगळ्यांकडे पाहिलं.

"आता कुणीच मोजायचं नाही," ती म्हणाली. "मीसुद्धा. मामा आले की यायचं."

त्यांनी पुन्हा सुरुवात केली. संथ, रुंद सूर गोलात फिरत आले आणि त्या जागेशी थांबले. खोली एकदम शांत झाली. सगळ्यांनी वाद्यं ओठांशी नेऊन ठेवली होती, ड्रमरने काठी वर धरली होती. रिकामे हात होते ते फक्त गाणाऱ्या मुलीचे. तिने मामांकडे बघत ते हळूच समोरासमोर आणले, टाळीला आणतात तसे.

मामांना ते सहन झालं नाही. त्यांनी फुंक मारली आणि ते चुकले.

आणि त्यांच्या मागोमाग सगळा बँड, एकजणही मागे न राहता, चुकला.