गिळलेली थुंकी

"तुझं दूध दोनदा तोडलंय, स्मरांदा. एकदा तोडलं तर तू रडून घर डोक्यावर घेतलंस, म्हणून पुन्हा पाजलं. अशा मुलीची नजर लागते. कुणाचं बाळ बघितलंस की आधी तीनदा थुंकायचं, मग कौतुक." आईने हे सांगितलं तेव्हा स्मरांदा कॉलेजात होती. "आई, हा धडा आमच्या पुस्तकात नाही," असं म्हणून तिने ते हसण्यावारी नेलं होतं.

आज मासिकाच्या स्टुडिओत सगळेच थुंकत होते. खोटंखोटं, ओठांतल्या ओठांत. मुखपृष्ठाच्या फोटोसाठी ओतिलिया आली होती, पाच महिन्यांच्या मुलीला घेऊन. वल्हवण्यातलं ऑलिम्पिक पदक, आणि आता खासदार.

"काय हे माकडतोंड! थू, थू, थू," फोटोग्राफर सोरिन लाडाने म्हणाला.

स्नागोव्हच्या तळ्यावर चार वर्षं ओतिलिया आणि स्मरांदा या दोघींनी एकच नाव वल्हवली होती. स्मरांदा मागे बसायची. तिला दिसायची ती ओतिलियाची पाठ. मग स्मरांदाची कंबर गेली, तिच्या जागेवर दुसरी बसली, आणि पदक आलं. आता स्मरांदा या मासिकात फोटोंखालच्या ओळी लिहीत होती.

बाळ कुरकुरलं तशी ओतिलियाने दिव्यांच्या झोतातच काही आडोसा न घेता त्याला सरळ अंगावर पाजायला घेतलं. संपादिका कोर्नेलियाबाईंचे डोळे भरून आले. "काय धिटाई आहे! सोरिन, हाच घे. हेच मुखपृष्ठ."

स्मरांदाने हातातली फाइल छातीशी घट्ट धरली. सोमवारी ती जुन्या अंकांच्या खोलीत, दाराला पाठ लावून, घरी असलेल्या आपल्या तान्ह्या इलिएसाठी बाटलीत दूध काढत होती. तेव्हा याच बाईंनी दार ठोठावलं होतं. "आटपलं का गं? ओळी कधी देणारेस?"

"स्मारा, धर जरा हिला," ओतिलिया म्हणाली. "पावडर लावून घेते."

बाळ हातात आलं. जड, ऊबदार. तिच्या इलिएपेक्षा गुबगुबीत. मनगटावर दोऱ्याचा नुसता वळ होता. नजर लागू नये म्हणून बांधलेला लाल दोरा फोटोत बरा दिसत नाही म्हणून सोरिनने सोडायला लावला होता.

स्मरांदा टक लावून बघत राहिली. "किती देखणी आहे," ती म्हणाली, आणि थांबली.

ओतिलिया आरशातून बघत होती. "अगं, थुंक की!"

"मी नाही बाई असलं काही मानत."

खरं तर थुंकी ओठांपर्यंत आली होती. ती तिने गिळली. सगळं तर मिळालंय हिला. एवढं एक मी का द्यावं?

दुसऱ्या दिवशी ओतिलियाचा फोन आला. कोर्नेलियाबाईंनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. "कालपासून दूधच धरत नाहीये हो. नुसती रडतेय. डॉक्टर म्हणतात, काही नाही. आईने जळत्या काड्या पाण्यात टाकल्या, तिन्ही बुडाल्या. कुणाचीतरी नजर लागलीय म्हणते. आज संसदेत मतदान आहे, पण मी जात नाही."

फोन ठेवून बाई खुर्चीतून उठल्याच. "मतदान सोडून बाळापाशी! मथळा मिळाला, मुलांनो."

हिवाळ्यात इलिए तापाने फणफणला होता, तेव्हा स्मरांदा दोन दिवस घरी राहिली होती. तिला मथळा नव्हता मिळाला, खुलासा मागणारी चिठ्ठी मिळाली होती. तेवढ्यातही ते आठवलं, खुपलं, आणि मग तिची तिलाच भीती वाटली.

"तू जाऊन ये ना," सोरिन म्हणाला. "तुझी मैत्रीण ना ती?"

"नको. मी बघायला नको."

ती आपल्या टेबलाशी येऊन बसली. समोर मुखपृष्ठ उघडलं होतं, खाली ओळींसाठी जागा रिकामी. पंधरा दिवसांनी हे तोंड देशातल्या प्रत्येक टपरीवर टांगलेलं असणार होतं. तिने पडद्यावरचा बाळाचा चेहरा तळव्याने झाकला. मान वळवून तीनदा थुंकली. मग दुसऱ्या हाताने, एकेक अक्षर शोधत, ओळी लिहिल्या.

"बाळाच्या मनगटाला दोरा नाही. बघण्याआधी थुंका. तिच्या घरावरून तुमचा रस्ता जात असेल, तर दार वाजवा आणि विचारा, दूध धरलं का. मला जाता येत नाही. तुम्ही बघून या."