मुलाखतीची तयारी

“अहो ताई, वरचे दात खालच्या ओठावर टेकवा, मग म्हणा, व्हेरी,” धाकटी जाऊ शर्वरी म्हणाली. उज्ज्वलाने कणकेच्या हातानेच पुस्तकाचं पान उलटलं आणि अडखळत का होईना, धडा वाचून संपवला. लेकीला, ओवीला, शाळेत घ्यायचं तर आईवडिलांनीही इंग्रजीतून मुलाखत द्यायची होती. त्यासाठी दिवाळीपासून रोज दुपारी या जावाजावांचा वर्ग भरत होता.

मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्याने तिचं वाचन ऐकलं. “छान जमलंय की!” तिचा चेहरा उजळला. “पण नव्याने शिकलीयस, हे कळतं गं. उद्या ओवीची आई म्हणून शर्वरी येईल.”

शर्वरीने मान खाली घातली, पण विचारलंच, “ताई, तुमची ती निळी साडी द्याल?”

पोर मात्र काकूला आई म्हणेना. रडून तिने घर डोक्यावर घेतलं. “तुझंच ऐकते ती,” नवरा वैतागला, “तूच शिकव.”

उज्ज्वलाने लेकीला मांडीवर घेतलं, तिचं बोट जावेकडे वळवलं आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हटलं, “धिस इज माय मदर.”

“वा ताई!” शर्वरी म्हणाली. “आज कसा स्वच्छ उच्चार आला बघा!”